एवढा लाल पक्षी दिसत का नाही? राधानगरीच्या जंगलातला कर्णा, सोप्या भाषेत

उन्हाळा लागला की कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एका पक्ष्याचा फोटो हमखास फिरायला लागतो. काळं डोकं, काळी छाती, तिच्याखाली पांढरा पट्टा आणि मग शेपटीपर्यंत सगळं पोट किरमिजी लाल. डोळ्याभोवती निळी कड. फोटोखाली ओळ असते, ‘आपल्या राधानगरीत!’ आणि दोन मिनिटांच्या आत कुणाचं तरी उत्तर येतं, ‘काय सांगताय राव, एआयनं केलाय हा.’

शंका रास्त आहे. राधानगरी अभयारण्यातलं दाजीपूर म्हटलं की गवा, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. शेकरू, धनेश ही नावंही कानावरून गेलेली असतात. मग असला भडक पक्षी आपल्या डोंगरात असता तर आजवर कुणालाच कसा दिसला नसता?

तर फोटो खरा आहे. पक्षी आपल्याच डोंगरातला आहे. नाव मलबारी कर्णा. तो दिसत का नाही, हे नीट समजून घेतलं तर सध्या पश्चिम घाटाचा कुठला भाग ‘पर्यावरण-संवेदनशील’ ठरवायचा यावरून जो वाद चाललाय, त्यातली एक गाठही सुटते: नुसती झाडं असणं वेगळं आणि जंगल असणं वेगळं.

‘आपला’ म्हणजे नक्की कुठला?

कर्णा ट्रोगॉन नावाच्या कुळातला. जगात या कुळाच्या चाळीसहून जास्त जाती आहेत आणि त्या अमेरिका, आफ्रिका आणि आशिया या तिन्ही खंडांच्या उष्ण जंगलांत विखुरल्या आहेत. सगळ्यात प्रसिद्ध भाऊबंद म्हणजे मध्य अमेरिकेतला क्वेत्झाल. तो ग्वाटेमालाचा राष्ट्रीय पक्षी, आणि तिथल्या चलनाचं नावसुद्धा क्वेत्झालच. आता मध्ये महासागर असताना ही मंडळी इतकी लांब लांब कशी पोचली? ट्रोगॉनचे जीवाश्म थेट युरोपात, डेन्मार्कमध्येही सापडले आहेत. पाच कोटी वर्षांपूर्वी तिकडेही हवा उष्ण होती. पुढे थंडी वाढली, तशी या कुळाची वस्ती दक्षिणेकडच्या जंगलांपुरती उरली.

भारतात ट्रोगॉनच्या तीन जाती. दोन हिमालय आणि ईशान्येकडे. तिसरी आपली, पश्चिम घाटात, पूर्व घाटाच्या काही भागांत आणि श्रीलंकेत. थॉमस पेनंट या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने 1769 मध्ये तिला शास्त्रीय नाव दिलं, तेही श्रीलंकेतल्या पक्ष्यावरून.

आपल्या जिल्ह्याचं वैशिष्ट्य असं, की गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि शिरोळला जेमतेम पाच-सहाशे. मध्ये अंतर किती, तर दुपारच्या जेवणाआधी गाडीने पोचावं इतकं. कर्णा या पट्ट्याच्या फक्त पश्चिम टोकाला राहतो. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, शाहूवाडी, गगनबावडा, जिथे अंजनी, पिसा, जांभूळ, हिरडा यांची दाट राई अजून शिल्लक आहे तिथे. रंकाळ्यावर किंवा पन्हाळ्याच्या रस्त्याला तो भेटेल ही आशा सोडा.

लाल रंग लपतो तरी कसा?

इथे एक छोटा प्रयोग करून बघण्यासारखा आहे. दारात जास्वंद असेल तर दिवेलागणीच्या वेळी तिच्यासमोर उभे राहा, दिवा न लावता. अंधारू लागेल तसं लाल फूल आधी काळपट पडतं, आजूबाजूची पानं मात्र बराच वेळ फिकट दिसत राहतात. आपल्या डोळ्यांत उजेडात काम करणाऱ्या पेशी वेगळ्या आणि अंधारात काम करणाऱ्या वेगळ्या. अंधारातल्या पेशींना लाल रंग जवळपास कळतच नाही. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ही गंमत नोंदवली.

दाट जंगलात भर दुपारीही खाली उजेड कमीच असतो. उंच झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंतून वर जो अखंड पानांचा थर होतो, त्याला आपण छत म्हणू. हे छत उन्हातला लाल आणि निळा भाग बराचसा शोषून घेतं आणि खाली उतरतो तो हिरवट उजेड. एखादी वस्तू लाल दिसायची तर तिच्यावर आधी लाल उजेड पडायला हवा ना! तोच कमी, म्हणून कर्ण्याचं पोट त्या सावलीत विटक्या तांबड्या पानासारखं वाटतं. फोटोत दिसणारा भडकपणा हा बऱ्याचदा कवडशात सापडलेल्या क्षणाचा असतो, थोडा कॅमेऱ्याचा असतो आणि थोडा फोटो टाकणाऱ्याच्या हौसेचाही.

यावर कुणीही हुशार वाचक विचारेल: हे झालं माणसाच्या डोळ्याचं, पण ससाण्या-शिकऱ्याचं काय? त्यांना तर रंग आपल्यापेक्षा जास्त कळतात. बरोबर. त्यांच्यासाठी कर्ण्याकडे दुसरा उपाय आहे. तो पाठ फिरवतो.

त्याची पाठ साधी तपकिरी असते, झाडाच्या सालीसारखी. संशय आला की हा पक्षी पाठ तुमच्याकडे करून बसतो आणि मान मागे वळवून खांद्यावरून तुम्हाला न्याहाळतो. सगळा रंग पलीकडच्या बाजूला. दाजीपूरला एकदा ओढ्याकाठी आमचा वाटाड्या एकदम थांबला आणि पुटपुटला, “सर, हलू नगा. वेलाच्या मागं बघा.” वेलाच्या मागे बघून बघून डोळे दुखले, तरी मला दिसली ती नुसती फांदी. मग त्या फांदीच्या एका गाठीने डोळा मिटला आणि उघडला. पुढे बराच वेळ तो तसाच होता, शेपूट सरळ खाली सोडून, मान तेवढी इंचाइंचाने फिरवत. मग गपकन उडाला, पानाखालून हिरवा सुरवंट उचलला आणि पुन्हा त्याच फांदीवर येऊन तो सुरवंट डावी-उजवीकडे आपटायला लागला. त्या आपटाआपटीत पोटाचा लाल रंग एकदाच काय तो चमकला.

मादीचा तर हा प्रश्नच नाही. तिचं डोकं आणि छाती तपकिरी, पोट पिवळसर भुरं.

हा रंग येतो कुठून?

लाल, नारिंगी, पिवळा हे रंग पक्ष्यांना बहुतेक वेळा करोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांतून मिळतात. गाजरातला रंग याच जातीचा. गोम अशी, की पक्षी हे द्रव्य मुळापासून स्वतःच्या अंगात तयार करू शकत नाही. ते खाण्यातूनच यावं लागतं. पानात ते असतं, पान सुरवंट खातो, सुरवंट कर्णा खातो आणि त्या द्रव्यात थोडा फेरफार करून ते पिसांत भरतो. म्हणजे नराचं लाल पोट हे एका अर्थी त्या जंगलातल्या पानांचंच आहे.

हा रंग टिकाऊही नाही. संग्रहालयात ट्रोगॉनचे नमुने उजेडात ठेवले तर लाल पोट हळूहळू फिकट पडत जातं, म्हणून ते बंद कप्प्यांत ठेवतात.

पाय आहेत, पण चालता येत नाही

कर्ण्याचे पाय म्हणजे नावापुरते. ट्रोगॉन कुळात पायाच्या स्नायूंचं वजन अंगाच्या जेमतेम तीन टक्के भरतं, इतकं कमी दुसऱ्या कुठल्याच माहीत असलेल्या पक्ष्यात नाही. फांदीवर चार पावलं सरकायचं तरी याला पंख हलवावे लागतात. बोटांची मांडणीही जगावेगळी. पोपट आणि सुतार यांचीही दोन बोटं पुढे, दोन मागे असतात. पण त्यांचं चौथं, बाहेरचं बोट मागे वळलेलं असतं. ट्रोगॉनचं आतलं, दुसरं बोट मागे वळलेलं. सगळ्या पक्षीजगतात ही मांडणी फक्त याच कुळाकडे आहे. असं का, यावर शास्त्रज्ञ डोकं खाजवतात. आपण ते त्यांच्यावर सोपवू.

आपल्या कामाचा मुद्दा एवढाच: हा पक्षी जमिनीवर उतरून चरणारा नाही, फांद्यांवर उड्या मारत शोधणारा नाही. तो बसतो, वाट बघतो आणि झेपावतो. टोळ, काड्यांसारखे दिसणारे किडे, रातकिडे, ढेकूण जातीचे किडे, सुरवंट हे त्याचं खाणं. आता नुसतं बसून पोट भरायचं तर समोरून किडे गेले पाहिजेत, आणि ते हलवणारं कुणीतरी हवं.

नांगरट चालू असते तेव्हा ट्रॅक्टरच्या मागे बगळ्यांची रांग लागलेली आपण रोज बघतो. ट्रॅक्टर माती उलथतो, बगळा किडे टिपतो. जंगलात ट्रॅक्टरचं काम वेगवेगळ्या जातींचे पक्षी मिळून करतात. बुलबुल, वटवट्ये, निखार, सुतार, सातभाईंच्या नात्यातले झाडी धुंडाळणारे पक्षी असा सगळा लवाजमा एकत्र चरत सरकतो. याला मिश्र थवा म्हणतात. भृंगराज कोतवाल त्यात असला तर तो पहाराही करतो. हा थवा पानं ढवळत पुढे जातो, त्यातून उडालेले किडे कर्णा मागून आरामात टिपतो. म्हणून अनुभवी वाटाडे कर्णा शोधत बसत नाहीत. ते थव्याचा कलकलाट ऐकतात आणि त्याच्या कडेला, मधल्या उंचीच्या मोकळ्या फांद्या तपासतात.

घर कुजक्या खोडात

माझ्या मते कर्ण्याची खरी गोष्ट रंगात नसून इथे आहे.

सुतार पक्षी लाकडाला भोक पाडू शकतो, कारण त्याची चोच छिन्नीसारखी आणि कवटी तो मार सोसणारी. कर्ण्याची चोच आखूड, रुंद, किडे पकडायची. त्याला घरटं तर खोडातच लागतं, पण ताजं लाकूड त्याच्याने पोखरवत नाही. मग उरतं ते मेलेलं, पावसात भिजून भिजून मऊ झालेलं, हाताने चुरडलं तर भुसा होईल असं खोड. असं खोड बहुतेकदा वरून तुटलेलं असतं, फार उंचही नसतं. त्यात चोचीने उकरून उथळ खोबण करायची, खाली पडलेला भुसा हेच अंथरूण. या कामाला महिनाभर जातो. अंडी बहुधा दोन. रात्री मादी उबवते, दिवसा काही तास नर. अडीच-तीन आठवड्यांनी पिल्लं बाहेर येतात, आणि घरटं सोडल्यावरही काही महिने त्यांना आईबाप भरवत असतात. एका जोडीची वर्षाची कमाई म्हणजे फार तर दोन पिल्लं, तीही साप-खारींनी ठेवली तर.

पश्चिम घाटात हा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. आता कॅलेंडर समोर ठेवा. हेच महिने वणव्याचे. हेच काजूच्या वेचणीचे, त्याआधी बागेखालची झुडपं साफ करण्याचे. आणि हेच सुट्टीतल्या पर्यटनाचे. जिवंत झाडं वणव्यातून बऱ्याचदा वाचतात, खालून काळी होतात आणि पावसात पुन्हा फुटतात. वाळलेलं, पोकळ, भुसभुशीत खोड मात्र ठिणगी धरून आतल्या आत धुमसत राहतं. डोंगर दुसऱ्या वर्षी हिरवा दिसतो. घरट्याजोगी खोडं तयार व्हायला पुन्हा कित्येक पावसाळे जातात.

इथे मोळी आणणाऱ्या बायकांवर खापर फोडायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. कुजकं लाकूड चुलीत जळत नाही, नुसता धूर करतं. जळणाला जाणारी बाई ते उचलत नाही, ती वाळक्या फांद्या उचलते. कुजकी खोडं काढली जातात ती बहुतेक ‘साफसफाई’च्या नावाखाली. कुणाच्या बागेत, कुणाच्या रिसॉर्टमागच्या राईत, ‘जंगल कसं स्वच्छ दिसलं पाहिजे’ या कल्पनेपायी. उलट देवराईत देवाच्या धाकाने पडलेलं झाडही कुणी उचलत नाही, म्हणून तिथे अशी खोडं आपोआप टिकतात.

‘पण झाडं तर वाढलीत की!’

ही हरकत सगळ्यात जास्त ऐकू येते आणि ती खोटी नाही. आजरा-चंदगडकडे काजू वाढलाय. ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि निलगिरीची लागवड डोंगराडोंगरावर दिसते. वरून बघितलं तर सगळं हिरवं.

फक्त कर्ण्याच्या बाजूने ही यादी तपासून बघा. त्याला छत हवं, म्हणजे जमिनीवर दिवसभर सावली हवी. मधल्या उंचीवर बसायला मोकळ्या आडव्या फांद्या हव्यात. वर्षभर किडे हवेत, त्यासाठी अनेक जातींची झाडं हवीत, कारण एका जातीच्या झाडांना पालवी एकदमच येते आणि सुरवंटही एकदमच येऊन संपतात. आणि मरून कुजलेली जुनी झाडं हवीत. निलगिरीच्या लागवडीत पहिली गोष्ट नाही. काजूच्या बागेत सावली थोडीफार असते, पण खालचं सगळं साफ. आणि चौथी गोष्ट कुठल्याच लागवडीत नसते, कारण झाड म्हातारं होऊन मरायच्या आत तोडण्यासाठीच ते लावलेलं असतं.

शिवाय सावलीत वाढलेले पक्षी उघड्यावर यायला कचरतात. शेकडो किलोमीटर उडत जाणाऱ्या बदकाला रुंद रस्ता म्हणजे काहीच नाही. कर्ण्याला उघडा केलेला डोंगरउतार, बॉक्साइटची खाण किंवा मोठं पठार ही भिंत ठरते. मग एका बाजूला चार जोड्या, दुसऱ्या बाजूला तीन. दोन्हीकडे पक्षी आहेत, पण एकमेकांना भेटत नाहीत. अशा लहान तुकड्यांतून तो एक दिवस गुपचूप नाहीसा होतो, आणि तो आधीही कुणाला दिसत नव्हता, म्हणून गेलेलाही कळत नाही.

मग काजू लावायचाच नाही का? माझं म्हणणं तसं नाही. ज्या शेतकऱ्याच्या वरकस जमिनीत दुसरं काही पिकत नव्हतं, त्याच्या घरात काजूने पैसा आणला. प्रश्न आहे तो दाट राई तोडून तिथे काजू लावण्याचा. बागेतून जाणाऱ्या ओढ्याच्या दोन्ही काठांची झाडी तेवढी ठेवली, तरी पक्ष्यांना एका राईतून दुसऱ्या राईत जायला सावलीची वाट मिळते. ओढ्याचं पाणीही जरा जास्त दिवस टिकतं.

‘जागतिक यादीत तर याला धोका नाही म्हणतात’

खरं आहे. कुठल्या जीवाला किती धोका आहे ते सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत मलबारी कर्णा ‘कमी चिंतेच्या’ गटात आहे. पण त्याच यादीत त्याची संख्या घटतेय असंही म्हटलंय. शिवाय हा शेरा श्रीलंकेपासून सह्याद्रीपर्यंतच्या सगळ्या कर्ण्यांना मिळून दिलेला असतो. केरळच्या जंगलात कर्णा मजेत असला म्हणून भुदरगडच्या राईतला वाचला, असं होत नाही. आपला भाग तर त्याच्या प्रदेशाच्या उत्तरेकडचा, जिथे सदाहरित जंगल सलग नसून पट्ट्यापट्ट्यांनी उरलंय.

मग कायद्याने काय होतं?

दाजीपूरचं जंगल मुळात कोल्हापूर संस्थानची राखीव शिकारीची जागा. 1958 मध्ये ते गव्यांचं अभयारण्य झालं, 1985 मध्ये विस्तारून राधानगरी अभयारण्य झालं, आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. क्षेत्र सुमारे 351 चौरस किलोमीटर. अलीकडे विशाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड इथे संवर्धन राखीव क्षेत्रंही जाहीर झाली. नकाशावर ही सगळी नावं जोडली की चांदोलीपासून तिलारीपर्यंत एक पट्टा दिसतो. वाघाचा मार्ग म्हणून त्याची चर्चा होते. सावलीतल्या पक्ष्यांना तो वाघाइतकाच लागतो.

आणि बातम्यांत सारखं येणारं ‘पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र’ म्हणजे अभयारण्य नव्हे. तिथे गावं राहतात, शेती चालते. बंदी येते ती मुख्यतः खाणी, मोठी बांधकामं, अतिप्रदूषण करणारे उद्योग यांवर. 31 जुलै 2024 ला केंद्राने याचा सहावा मसुदा काढला. त्यात महाराष्ट्राचं 17,340 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, आपल्या जिल्ह्यातली गावंही आहेत. गावकऱ्यांच्या मनात भीती आहे आणि ती निव्वळ गैरसमजातून आलेली नाही. कागदावर खाणीसाठी लिहिलेला नियम प्रत्यक्षात घराच्या पत्र्याला आडवा येतो, हा अनुभव लोकांनी घेतलेला असतो. नियम मराठीत, गावसभेत, ओळ न् ओळ वाचून दाखवला जात नाही तोवर विरोध होणारच.

‘एका पक्ष्यासाठी माणसाने मागे राहायचं का,’ हा सवालही तिथूनच येतो. नुसत्या पक्ष्यासाठी नाहीच. भोगावती, दूधगंगा, कुंभी, कासारी यांचं पाणी ज्या डोंगरातून येतं तिथलीच ही सावली. पानांच्या कुजक्या थरात पाऊस मुरतो आणि उन्हाळ्यात झऱ्याने बाहेर येतो. जंगल राखलं की 2019 सारखा महापूर येणार नाही, असं म्हणणं मात्र अतिरेकाचं होईल; तेवढा पाऊस पडला तर कुठलंच जंगल पुरं पडत नाही.

बघायला जायचं असेल तर

पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांना बंद असतं. हिवाळ्यातली सकाळ बरी. सोबत गावातलाच वाटाड्या घ्या; त्याचे कान तुमच्या दुर्बिणीपेक्षा कामाचे. नराची हाक म्हणजे क्यो-क्यो-क्यो अशी सलग पाच-सहा वेळा, मऊ आणि कुठून येतेय ते न कळणारी. मोबाईलवर ती हाक वाजवून त्याला बोलवायचा मोह टाळा. नर दुसरा नर आला समजून धावत येतो, आणि विणीच्या दिवसांत तेवढा वेळ अंडी उघडी पडू शकतात. कुजकं खोड दिसलं तर लांबूनच बघा, आत टॉर्च मारू नका.

फोटो बहुधा पाठीचाच येईल. ओळख त्यावरूनही पटते: तपकिरी पाठ, नराच्या पंखावर बारीक काळ्या-पांढऱ्या रेघा, आणि लांब चौकोनी शेपटीच्या टोकाला काळी कड.